न्यायालयातील साक्ष आणि पीडितेची भाषा : कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांच्या संदर्भात

न्यायालयात दिल्या जाणाऱ्या 'साक्षी'ला उर्दूत 'गवाही' किंवा 'शहादत' म्हणतात. 'साक्षी' म्हणजे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो, आणि 'शहादत'च्या मुळाशी हजर असण्याचा अर्थ आहे. या व्युत्पत्तीतच कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांची मुख्य अडचण दिसते. घराच्या चार भिंतींत जे घडते त्या वेळी हजर असते ती बहुधा सोसणारी स्त्री आणि करणारा पुरुष. शेजाऱ्यांनी आवाज ऐकलेला असतो, पण पाहिलेले नसते. मुले लहान असतात. सासरची माणसे पाहूनही बोलत नाहीत. परिणामी 'माझ्याकडे पुरावा काय?' असे म्हणत अनेक स्त्रिया न्यायालयाच्या पायरीपर्यंत येतच नाहीत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. कर्नाटकात हे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया मात्र केवळ १४ टक्के आढळल्या. या मौनामागे भीती, अवलंबन, बदनामीची धास्ती अशी अनेक कारणे आहेत. न्यायालयात नेमके काय होते याविषयीचे अज्ञान हेही त्यांपैकी एक आहे. स्त्रीचे स्वतःचे कथन हाच कायद्याच्या दृष्टीने पुरावा असतो, आणि म्हणूनच ते कथन कोणत्या शब्दांत नोंदले जाते याला फार महत्त्व आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन मार्ग

पीडित स्त्रीपुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात. पहिला फौजदारी खटल्याचा. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ घालण्यात आले. पती किंवा त्याचे नातेवाईक यांनी केलेल्या क्रूर वागणुकीस त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. येथे खटला सरकार चालविते, स्त्री ही सरकार पक्षाची साक्षीदार असते आणि आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

दुसरा मार्ग कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चा. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला असून तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, तसेच आर्थिक असे हिंसेचे चारही प्रकार त्याच्या व्याख्येत येतात. कलम १२ खाली अर्ज केल्यास दंडाधिकारी संरक्षण, राहत्या घराचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा व नुकसानभरपाई यांबाबत आदेश देऊ शकतात. ही कार्यवाही प्राधान्याने दिवाणी स्वरूपाची असल्याने कोणाचे म्हणणे अधिक संभाव्य आहे, हे पाहिले जाते.

मुस्लिम स्त्रीला हे मार्ग परके आहेत असा समज अद्याप आढळतो. वास्तविक १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानेच पतीची क्रूरता हे विवाहविच्छेदाचे कारण मानले होते, आणि मारहाण नसतानाही वागणुकीने जिणे असह्य करणे ही क्रूरताच होय, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तलाक झाला म्हणून विवाहकाळातील हिंसेची जबाबदारी संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात २०१४ साली सांगितले. तेलंगणातून आलेल्या प्रकरणात १० जुलै २०२४ रोजी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगीचा हक्कही त्या न्यायालयाने मान्य केला.

एकटीची साक्ष पुरते काय?

१८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३४ ने कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठराविक संख्या लागत नाही असे सांगितले होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३९ मध्ये हाच नियम कायम आहे. साक्षीदार मोजायचे नसतात, त्यांचे वजन पाहायचे असते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच घेतली आहे. साक्षीदार स्त्री की पुरुष यावरून कायदा भेद करीत नाही. साक्षीदारांच्या संख्येविषयीचे धर्मशास्त्रातील नियम येथे लागू होतील असे कोणास वाटत असल्यास तो गैरसमज दूर व्हावा. उलट साक्ष लपवू नये, हीच कुरआनची शिकवण आहे.

२००५ च्या अधिनियमाने याहून पुढचे पाऊल टाकले. संरक्षण आदेशाचा भंग झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि असा भंग झाल्याचा निष्कर्ष न्यायालय केवळ पीडितेच्या एकटीच्या साक्षीवरून काढू शकते, असे कलम ३२ म्हणते. अर्थात एकटीची साक्ष पुरते याचा अर्थ कशीही साक्ष पुरते असा नव्हे. ती विश्वासार्ह असावी लागते. विश्वास बसण्यासाठी कथन नेमके आणि सुसंगत असावे लागते, आणि येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो.

साक्षीचे टप्पे

साक्षीच्या आरंभी शपथ होते. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराच्या नावाने शपथ घेता येते किंवा ईश्वराचा उल्लेख न करता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. त्यानंतर सरतपासणी होते. २००५ च्या अधिनियमाखालील अर्जात अनेक ठिकाणी सरतपासणी शपथपत्रावर घेतली जाते, म्हणजे स्त्रीचे म्हणणे आधीच टंकलिखित होऊन दाखल झालेले असते. मग विरुद्ध पक्षाचा वकील उलटतपासणी घेतो आणि काही खुलासा आवश्यक असल्यास फेरतपासणी होते.

शपथपत्र बहुधा वकिलाच्या कार्यालयात, वकिलाच्या शब्दांत तयार होते. त्यातील वाक्ये स्त्रीने कधी उच्चारलेलीही नसतात. उलटतपासणीत मात्र प्रत्येक वाक्याला तिलाच उत्तर द्यावे लागते. 'वारंवार अमानुष छळ केला' असे शपथपत्रात असते. 'अमानुष छळ म्हणजे काय, सांगा' असे विचारल्यावर ती गोंधळते. म्हणून शपथपत्रावर सही वा अंगठा करण्यापूर्वी ते आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घेणे आणि जे घडलेच नाही ते काढून टाकण्यास सांगणे आवश्यक आहे.

बोललेले आणि नोंदलेले

उदाहरणादाखल एक कल्पित परिस्थिती घेऊ. स्त्रीचे माहेर बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यात, सासर मिरजेला. ती घरी दख्खनी बोलते, शाळा मराठीत झाली, निकाहनामा उर्दूत आहे, मिरजेच्या पोलिसांनी जबाब मराठीत घेतला. माहेरी परतल्यावर तिने चिकोडीच्या न्यायालयात अर्ज केला. २००५ च्या अधिनियमाच्या कलम २७ नुसार स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथेही अर्ज करता येतो. सासर सोडून जेथे आश्रय घेतला तेथे ४९८-अ खाली तक्रार करता येते, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले आहे. सीमाभागातील स्त्रियांना याचा मोठा दिलासा आहे. पण आता तिची साक्ष कन्नड वा इंग्रजीत नोंदली जाणार. बडोद्यास तीच गुजरातीत, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीत, हैदराबादेस तेलुगू वा इंग्रजीत नोंदली जाईल.

या प्रवासात शब्दांचे अर्थ कसे बदलतात ते पाहावे. दख्खनी बोलणारी स्त्री पतीविषयी सांगताना 'उनो मारे' म्हणते. मराठीत ती 'ह्यांनी मारलं' म्हणते. दोन्ही ठिकाणी अनेकवचन आदराचे आहे, मारणारा एकच आहे. कन्नडमध्येही 'अवरु' हा शब्द आदरार्थी एक आणि अनेक अशा दोन्ही अर्थांनी चालतो. हेच वाक्य इंग्रजीत उतरताना 'त्या सर्वांनी मला मारले' असे होऊ शकते. मग सासू, दीर, नणंद सगळेच मारणारे ठरतात. पुढे उलटतपासणीत 'नणंदेने कधी मारले?' असे विचारले की स्त्री प्रामाणिकपणे सांगते, 'तिने नाही मारले.' कागदावर मात्र ही विसंगती ठरते. मोघम आणि सरसकट आरोपांच्या आधारे नातेवाइकांवर खटला चालू देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ व २०२४ मध्येही बजावले आहे. त्यामुळे आदरार्थी बहुवचनाने झालेला घोटाळा निरपराध नातेवाइकावर अन्याय करतो आणि स्त्रीचे खरे म्हणणेही दुबळे करतो. साक्षीत पतीचे नाव घेणे हा बेअदबीचा प्रश्न नव्हे. 'ह्यांनी' म्हटल्यावर 'म्हणजे माझ्या नवऱ्याने' एवढी जोड दिली तरी पुरते.

दुसरे उदाहरण 'हात उचलला' याचे. मराठीत आणि उर्दूत त्याचा रूढ अर्थ मारले असा आहे. शब्दशः भाषांतरात केवळ हात वर केला एवढेच उरते आणि मारहाणीचे रूपांतर हावभावात होते. 'सासूबाई फार बोलतात' या मराठी वाक्यात किंवा 'बाताँ सुनाते' या दख्खनी प्रयोगात टोचून बोलणे, अपमान करणे अभिप्रेत असते. भाषांतरात सासू बडबडी ठरते. 'मला माहेरी पाठवलं' याचा अर्थ बहुतेक वेळा घराबाहेर काढले असा असतो. नोंद होते ती माहेरी गेल्याची, आणि मग 'ती स्वखुशीने गेली' या बचावाला आयतीच जागा मिळते. लैंगिक जबरदस्तीसाठी तर स्त्रिया 'त्रास' हा एकच शब्द वापरतात. या शब्दातून न्यायालयाला काहीच कळत नाही.

यावर उपाय साधा आहे. वाक्प्रचाराऐवजी क्रिया सांगावी. कोणी, कशाने, शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळा मारले, नंतर काय झाले, हे सांगावे. अपमानाचे शब्द जसे उच्चारले गेले तसेच, शिवी असली तरी, सांगावेत. 'खर्चाला देत नाहीत' याऐवजी किती महिने दिले नाही, किराणा कोणी भरला, औषधाचे पैसे कोणी दिले, हे सांगावे.

कायद्यानेही याची काही सोय केली आहे. कलम ४९८-अ वा ८५ च्या खटल्यात साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदारास वाचून दाखवावी लागते. नोंद तिला न कळणाऱ्या भाषेत असल्यास ती तिला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगावी लागते. एखादा भाग चुकीचा असल्याचे साक्षीदाराने सांगितल्यास न्यायाधीश तो दुरुस्त करतात किंवा हरकतीची नोंद घेतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ मध्ये ही तरतूद आहे. दुभाषी नेमल्यास त्याने खरे भाषांतर केलेच पाहिजे, असे कलम ३१७ सांगते. २००५ च्या अधिनियमाखालील अर्जात नोंद संक्षिप्त असते. तेथे वाचून दाखविण्याची विनंती वकिलामार्फत करावी, कारण कार्यपद्धती ठरविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. 'मला ही भाषा कळत नाही' असे भर न्यायालयात म्हणण्यात कमीपणा नाही.

तारखांचा प्रश्न

घरातल्या घटना तारखेने नव्हे, प्रसंगाने आठवतात. 'रमजान ईदच्या दोन दिवस आधी', 'धाकट्याच्या बिस्मिल्लाखानीनंतर', 'नणंदेच्या निकाहाच्या आठवड्यात' अशा खुणा स्त्रिया सांगतात. या खुणा खऱ्या असतात, पण न्यायालयाच्या कागदावर इंग्रजी तारीख लागते. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते. भारतात २०१९ ची रमजान ईद ५ जूनला होती, २०२३ ची २२ एप्रिलला. अंदाजाने 'ईद म्हणजे जून' असे कोणी लिहून दिले तर पुढे दवाखान्याच्या कागदाशी मेळ बसत नाही. साक्षीपूर्वी जुन्या दिनदर्शिकेवरून प्रसंग आणि तारखा जुळवून घ्याव्यात. जेथे तारीख खरोखर आठवत नाही तेथे प्रसंग सांगून 'नक्की तारीख आठवत नाही' असे म्हणावे. खोटी अचूकता ही प्रामाणिक विस्मरणापेक्षा अधिक घातक ठरते. घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर लिहून ठेवलेले टिपण असल्यास ते पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा कायदा देतो. मात्र ते टिपण विरुद्ध पक्षालाही पाहता येते.

उलटतपासणी

स्त्रियांना सर्वांत धास्ती असते ती उलटतपासणीची. बचाव पक्षाचे म्हणणे साक्षीदारापुढे ठेवणे हे विरुद्ध वकिलाचे कामच असते. म्हणून तो 'तुम्ही खोटी तक्रार केली', 'तुम्हाला वेगळे राहायचे होते' अशी विधाने करतो. न्यायाधीशांनी ती मान्य केली असा त्याचा अर्थ नसतो. खोटे असल्यास 'हे खरे नाही' एवढे शांतपणे सांगणे पुरेसे असते. त्याच्या नोंदीत 'असे म्हणणे खरे नाही की...' अशी वाक्ये येतात.

नकारार्थी प्रश्नांबाबत विशेष सावध राहावे. 'तुम्ही स्वतःहून माहेरी गेलात, हे खोटे आहे का?' या प्रश्नाला 'नाही' म्हटले तर उत्तर उलटे होते, आणि 'हो' म्हटले तरी काहीजण त्याचा वेगळा अर्थ लावतात. अशा वेळी पूर्ण वाक्य बोलावे : 'मी स्वतःहून गेले नाही, रात्री नवऱ्याने मला बाहेर काढून दार लावले.' प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारण्यास सांगावे. साक्षीची नोंद सर्वसाधारणपणे सलग कथनाच्या रूपात होत असल्याने प्रश्न गळून जातो आणि उत्तरच कागदावर राहते, हे ध्यानात ठेवावे.

एक प्रश्न जवळपास हमखास येतो. दवाखान्याच्या कागदावर 'जिन्यावरून पडली' असे लिहिलेले असते. डॉक्टरांपुढे तसे तिनेच सांगितलेले असते, कारण शेजारी सासू उभी असते. हे नाकारू नये. 'होय, मी तसे सांगितले, कारण सासू सोबत होती आणि मला त्याच घरी परत जायचे होते' असे उत्तर देणे प्रामाणिक आहे आणि ते न्यायाधीशास समजण्यासारखे असते. इतकी वर्षे गप्प का राहिलात, या प्रश्नाचेही तसेच. मुले लहान होती, वडील आजारी होते, जाण्यास जागा नव्हती, जे खरे असेल तेच सांगावे.

प्रश्नांनाही मर्यादा आहेत. केवळ अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायालयाने रोखलाच पाहिजे, असे साक्ष्य अधिनियमाचे कलम १५५ सांगते.

आधाराची साधने

एकटीची साक्ष पुरत असली तरी तिला आधार मिळाल्यास ती बळकट होते. दवाखान्याचे कागद, जखमांची छायाचित्रे, बँकेचे खातेपुस्तक, दागिन्यांच्या पावत्या, निकाहनामा व त्याचे भाषांतर जपून ठेवावे. मेहर व माहेरचे दागिने यांची यादी करावी, कारण स्त्रीधन परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. मोबाइलवरील संदेशांसाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ फोन विकू वा पुसून टाकू नये. पतीपत्नीतील ध्वनिमुद्रित संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली म्हटले. संरक्षण अधिकाऱ्याचा कौटुंबिक घटना अहवाल उपयुक्त असतो. तथापि तो नसल्यास आदेशच देता येत नाही, असे नाही. हे २०२२ साली स्पष्ट झाले आहे.

संरक्षण आणि साह्य

२००५ च्या अधिनियमाच्या कलम १६ नुसार दंडाधिकाऱ्यांना योग्य वाटल्यास आणि कोणत्याही एका पक्षाची इच्छा असल्यास कार्यवाही बंद दालनात होऊ शकते. परक्या माणसांसमोर लैंगिक हिंसेविषयी बोलावे लागेल, या भीतीने अर्ज न करणाऱ्या स्त्रियांना हे कलम माहीत असणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले. ठराविक गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत धमकी येत असल्यास २०१८ साली मान्य झालेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबण्याचेही कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साह्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. तातडीच्या प्रसंगी १८१ ही महिला मदत वाहिनी आणि ११२ हा क्रमांक आहे.

समारोप

कायद्याने पीडितेच्या शब्दाला पुराव्याचा दर्जा दिला आहे. तो शब्द घरातील बोलीतून न्यायालयाच्या कागदापर्यंत शाबूत पोहोचविणे ही पुढची पायरी होय, आणि ती केवळ वकिलांवर सोपवून चालणार नाही. सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरील जुन्या वस्त्यांत दख्खनी, उर्दू, मराठी आणि त्या त्या राज्याची भाषा अशा तीनचार भाषा जाणणारे शिक्षक व विद्यार्थिनी आहेत. शपथपत्र समजावून सांगणे, उर्दू कागदांचे भाषांतर करणे, प्रसंगांच्या तारखा लावून देणे, न्यायालयाने मागितल्यास दुभाषाचे काम करणे, हे त्यांना सहज जमण्यासारखे आहे. महाविद्यालयांच्या भाषा विभागांनी तालुका विधी सेवा समितीशी संपर्क साधून अशा जाणकारांची यादी दिली, तर 'उनो मारे' म्हणणाऱ्या स्त्रीचे वाक्य तिच्या मनातील अर्थाने नोंदले जाईल. त्यात तिचे हित आहे, आणि ज्याने मारले नाही त्याचेही.